काडी तपकिरी झाली की

आमच्या ह्यांना गोळ्या ओतायचा नाद होता. मारायचा नव्हे, ओतायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण बंदूक म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रेमलाचा नवरा म्हणजे कोणी मोठा शिकारी असणार. हे आमच्या पाम गावात कोणी ऐकलं तर पोट धरून हसेल.

बंदूक माझ्या सासऱ्यांची. ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, सगळं गजाने ठासून भरायचं. वाडीतलं पीक डुकरांपासून राखायला म्हणून सरकारने परवाना दिलेला. सासरे गेल्यावर परवाना ह्यांच्या नावावर झाला, आणि बंदुकीबरोबर चिमट्यासारखा एक लोखंडी साचा ह्यांच्या हाती आला. बंदुकीला हे वर्षातून एकदा तेल लावायचे. साच्याला दर आठवड्याला.

माझ्या आईने लग्नात दिलेली लोखंडी पळी ह्यांनी पहिल्याच वर्षी परसात नेली आणि तिच्यात शिसं वितळवलं. मी आकांडतांडव केलं. "दुसरी आनतो," म्हणाले. दुसरी आलीच नाही. शिसं लागलेली पळी मी पुन्हा चुलीजवळ येऊ देणार नव्हते, त्यामुळे ती कायमची परसातली झाली, आणि गोळ्या ओतून आलं की हात राखेने घासून धुतल्याशिवाय पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही, हा माझा कायदा झाला. तो मात्र ह्यांनी पाळला.

शिसं कुठून कुठून यायचं. जुन्या जाळ्यांची वजनं, चहाच्या खोक्यांतला आतला पत्रा. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं तशी बोईसर स्टेशनजवळ वर्दळ वाढली, मुंबईकडून भंगारवाले येऊन बसायला लागले. त्यातला एक ह्यांना लांबून पाहूनच ओरडायचा, "चाचा, सीसा आया है!" आणि आमचे चाचा माझी भाजी-साखर विसरून शिशाची पुरचुंडी घेऊन घरी यायचे. चेहरा असा, की मला वाटावं जिलबी आणली.

दुपारी जेवणं झाली की रामफळीखाली हे मांडामांड करायचे. तीन दगड, करवंट्यांचा विस्तव, त्यावर पळी. शिसं विरघळलं की मेणाचा खडा टाकायचा, वर आलेला मळ काढायचा. मग भाताची एक काडी शिशात बुडवायची. काडी पिवळीच राहिली तर शिसं थंड. भडकन पेटली तर फार तापलं. तपकिरी झाली की ओतायचं. साचा मिटायचा, धार सोडायची, जरा थांबायचं, साचा उघडून गोणपाटावर ठोकायचा. गोळी टपकन पडायची, चांदीसारखी.

थंड शिशाची किंवा थंड साच्याची गोळी सुरकुतलेली निघते. तिला हे म्हणायचे म्हातारी. गुळगुळीत निघाली की नवरी. "नवरी निघाली गो!" असं परसातून ओरडायचे आणि मी हातातलं काम टाकून जाऊन बघायचं. म्हाताऱ्या सगळ्या परत पळीत. नवऱ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. अशा देखण्या गोळ्या बंदुकीत घालून उडवायच्या हे ह्यांच्या जिवावर यायचं, ते मला दिसायचं. बरणी भरली की उन्हात धरून बघत बसायचे.

आमची एकुलती सुलू लग्न होऊन शिरगावला गेली तेव्हापासून तर ह्यांचा जीव त्या रामफळीखालीच रमायला लागला. घर रिकामं झालं होतं. मी चूलपोतेरं करून वेळ काढायचे, हे गोळ्या ओतून. माझी त्याला ना नव्हती. कटकट करायचे, पण ती आपली सवयीने.

पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात एकदा बरणी पुसायला म्हणून मी सगळ्या गोळ्या सुपात ओतल्या, आणि हातच थांबला. निम्म्याअधिक म्हाताऱ्या होत्या. सुरकुत्या नखाला लागत होत्या. शिवणीवर कंगोरे राहिलेले. ज्या माणसाने आयुष्यात एक सुरकुती बरणीत जाऊ दिली नाही, त्याच्या बरणीत हा कचरा!

मग मला एकेक आठवायला लागलं. चहा बशीबाहेर ओतणं. वाडीतल्या बुजगावण्याला "कवा आलास रं?" विचारणं, आणि मी हसल्यावर आपण मस्करीच केली असं दाखवणं. ह्यांचे डोळे चालले होते. भाताची काडी कधी तपकिरी होते ते ह्यांना दिसत नव्हतं.

आणि हाच माणूस तिन्हीसांजेला भरलेली बंदूक घेऊन माळ्यावर बसत होता.

माळा म्हणजे वाडीच्या टोकाला बांबूचा उंच मांडव. खाली कोनफळाचे वेल. कोनफळ मोठं झालं की जंगलाकडून डुकरं उतरतात, उजेड कमी झाला की येतात आणि मुस्काटाने जमीन उकरून सगळं खातात. पण त्याच वेळी, त्याच वाटेने जिवल्याची माणसंही जायची-यायची. जिवल्या जातीने वारली, ह्यांच्या बरोबरीचा. आमच्या वाडीपलीकडे त्याचं झोपडं आणि पावसावरचा भाताचा तुकडा. तो आणि त्याची बायको चिमी आमच्या वाडीत कामाला यायची. सुलूच्या वेळी मी अडले होते तेव्हा रात्रभर माझी कंबर धरून बसलेली चिमीच. तिन्हीसांजेला डोक्यावर पातेऱ्याचा, वाळल्या पाल्याचा भारा घेऊन ती वाकून त्या वेलांतून घरी जायची. काळी, बुटकी, वाकलेली.

"पालघरला जाऊन डोले दाखवून येऊ," मी त्याच रात्री जेवताना म्हटलं.

"कोनाचे?"

"तुमचे. आनखी कोनाचे?"

"माजे डोले ठनठनीत हायेत," असं म्हणून हे ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पळी विस्तवावर चढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओटीवर गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसून राहिले. वाडीकडेही बघेनात. मी चहा दिला तर "ठेव" म्हणाले आणि तो तसाच गार झाला. सासरे जायच्या आधी असेच बसायचे. मीच बोईसरला माणूस धाडून शिसं मागवलं आणि म्हटलं, "बरनीत जागा दिसते, ओता की चार गोल्या." तेव्हा कुठे उठले.

म्हणजे बोलायची सोय नव्हती. डोळ्यांचं नाव काढलं की माणूस विझत होता, आणि गप्प बसले तर एखाद्या दिवशी चिमी मरणार होती. मी यावर माझा उपाय काढला. ह्यांच्याबरोबर रोज माळ्यावर जाऊन बसायला लागले.

"तू कशाला?"

"घरात एकटीला करमत नाय."

खूश झाले. माझ्यासाठी घोंगडी अंथरली. आणि वेलांत काही हललं, ह्यांनी बंदूक उचलली, की मी खोकायचे. अशी जोरात खोकायचे की डुकरं शेपट्या वर करून पळायची. हे बंदूक खाली ठेवायचे. कधीकधी खोकल्याच्या आधीच बार काढायचे, आकाशाच्या अंगाला. तेव्हा डुकरं गेलेलीच असायची.

"लागलं?" मी विचारायचे.

"थोडक्यात हुकलं," हे म्हणायचे.

तीन-चार वर्षं असंच थोडक्यात हुकत होतं. गावात ह्यांची टर उडवायचे. दुकानावर दिनानाथ वाणी म्हणायचा, "विश्रामदादा, डुकरं तुमच्याकडं आसऱ्याला येतात म्हने." हे हसायचे. माझा मात्र तिळपापड व्हायचा, कारण लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यांनी धावतं डुक्कर पाडलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

माझ्या खोकल्याचा बोलबाला झाला. चिमी अडुळसा घेऊन आली. सुलूने शिरगावहून मध धाडला. हे तर पार हादरले. स्वतःच्या डोळ्यांसाठी पालघरला न जाणारा माणूस माझ्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे जाऊन बाटली घेऊन आला, आणि दोन्ही वेळा समोर उभं राहून मला ते कडूजहर औषध पाजायला लागला. मी मुकाट्याने प्यायचे. काय करणार?

त्यात आणखी एक काटा होता, तोही सांगते. समुद्रकाठच्या दांडी गावची जमना कोळीण मासळी घेऊन दारावर यायची. अलीकडे ती माझ्या टोपलीत दोन बोंबील, एखादी पापलेटी जास्तीची टाकायची. "दादांसाटी," म्हणायची आणि हसायची. कोणासाठीही कधी एक कोलीम वर न टाकणारी बाई! ह्या वयात माझ्या नवऱ्यात तिला काय दिसलं, हे मला कळत नव्हतं. तेही डोळ्यांना दिसत नसलेल्या नवऱ्यात. बोंबील मी तळून वाढायचे, पण ते माझ्या घशाखाली नीट उतरायचे नाहीत.

होळीच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी आम्ही माळ्यावर बसलो होतो. सूर्य समुद्राकडे गेला होता, वेलांखाली सावली दाटली होती. खाली खसखस झाली. ह्यांनी बंदूक उचलली. मी खोकले.

खसखस थांबली नाही.

मी पुन्हा खोकले, आणखी जोरात. वेलांतलं ते काळं, वाकलेलं पुढेच येत राहिलं. आणि मग मला पातेऱ्याचा भारा दिसला. डुकरं माझ्या खोकल्याने पळत होती. चिमी कशाला पळेल? तिला तर माझा खोकला रोजचा ओळखीचा. उलट तो ऐकून ती वर बघत होती, बाय आहे म्हणून.

"चिमे!" मी किंचाळले. त्याच क्षणी बार उडाला.

शिडीवरून मी कशी उतरले मला आठवत नाही. धुरातून, वेलांत पाय अडकत, पडत, तिच्या नावाने हंबरडा फोडत मी धावले. चिमी उभी होती. भारा खाली पडलेला, आणि ती लुगड्यावर पडलेली काथ्याची धुमसती कुसळं झटकत होती.

"बाय, धावतंस कशाला? पडशील ना!"

"कुटं लागलं? दाखव, कुटं लागलं?" मी तिचं अंग चाचपत होते.

"काय लागंल? काथ्या?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "दादाचे बंदुकीत गोली कवा असते? जिवल्याच भरतो ना ती. दारू आन् काथ्या. तुला नाय ठावां?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आता लय दीस झाले," चिमी म्हणाली. "एकदा दादांनी मला जिवल्या समजून हाक मारली. त्याच सांजंला आमचे झोपड्यावर आले. बोलले, तुमी माज्या बंदुकीपुढून येता-जाता. माजे डोले गेले. आता गोली घालायची नाय. आवाजानं डुकरं पलली तरी बस झालं. आन् जिवल्याला बोलले, बंदूक तूच भरत जा, मंजे मी घातली का नाय याची तुमाला शंका नको."

मी त्या कोनफळाच्या वाफ्यात बसले आणि रडले. चिमीने मला पोटाशी धरलं, सुलूच्या वेळी धरलं होतं तसं. रडता रडता मला राग यायला लागला. तीन-चार वर्षं! सगळ्या वारलपाड्याला ठाऊक. मला नाही. मी बाटल्यांवर बाटल्या कडू औषध पीत होते!

तरातरा माळ्याशी गेले. हे खाली उतरून शिडीला धरून उभे होते.

"कोन हुतं?"

"चिमी."

"लागलं नाय ना?"

"काथ्या कसा लागंल?" मी म्हटलं.

मला कळलंय हे ह्यांना कळलं. मी भांडायला तोंड उघडलं आणि दिसलं, बंदूक हे वर माळ्यावरच टाकून आले होते. गोळी नव्हती हे स्वतःला पक्कं ठाऊक असलेल्या माणूस तिला पुन्हा हात लावायला तयार नव्हता. "मानसावर धरली मी," एवढंच म्हणाले. मग माझ्याने भांडवेना. हात धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी जिवल्याला सोबत घेऊन हे पालघरला गेले आणि बंदूक परवान्यासकट पोलिसात जमा करून आले. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. आल्यावर हातपाय धुऊन म्हणाले, "आता डबा वाजवू." आणि खरंच, जिवल्याच्या रॉकेलच्या डब्याला डुकरं तितकीच घाबरली.

जमना आली तेव्हा मी तिला सरळच विचारलं, "ह्यांना फुकट बोंबील कशापायी गो?"

"फुकट कुटं?" जमनाने डोळे मोठे केले. "दादा गोल्या देतात ना! आमचे धन्यानं भोकं पाडून सगल्या पागाच्या जाल्याला लावल्यात. असा पाग दांडीत दुसरा नाय. थोड्या सुरकुतलेल्या हायेत, पन मासली कवा बगते?"

म्हणजे बरणीतल्या गोळ्या कमी व्हायच्या त्या अशा. डुकरांवर उडालेल्या नव्हत्या. ह्यांच्या नवऱ्या आणि म्हाताऱ्या समुद्रात पाग धरून बसल्या होत्या, आणि माझ्याच ताटात बोंबील होऊन परत येत होत्या. मी जमनाला आत बोलावून चहा पाजला. मनातल्या मनात तिची माफीही मागितली.

डोळे दाखवायला मात्र आता मी ओढूनच नेलं. पालघरच्या डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही. पिकला की काढू, तोवर थांबा. हे सगळ्या रस्त्याने हसत होते. जन्मभर वाडीतले चिकू पिकायची वाट बघितली, आता डोळा पिकायची बघायची म्हणे.

घरी आल्यावर दुपारी हे ओटीवर बसले. गुडघ्यांवर हात. परसाकडे तोंड केलं नाही. तेच बसणं. मी बघितलं, आणि स्वयंपाकघरातून थेट परसात गेले. तीन दगड मांडले. करवंट्या पेटवल्या. पळी चढवली.

वास आला तसे हे चाचपत रामफळीखाली आले. "काय करतंस?"

"दिसत नाय का?" मी म्हटलं, आणि जीभ चावली.

हे हसले. गोणपाटाजवळ बसले, साचा विस्तवाशी धरून ऊब देत राहिले. मी मेणाचा खडा टाकला, मळ काढला. इतकी वर्षं कटकट करताना सगळं बघितलेलं होतं, हाताला आपोआप येत होतं. मग मी मनातलं विचारलंच.

"जिवल्याला सांगितलंत. चिमीला सांगितलंत. त्या जमनाला गोल्या दिल्यात. मला तेवडं का नाय सांगितलं?"

"त्यांना सांगून माजं काय जानार हुतं?" हे म्हणाले. "तुला कललं असतं डोले गेले ते, तर तू पली काडून घेतली असतीस. आंधल्या मानसाला तापल्या शिशापाशी बसू दिलं असतंस?"

"नसतं दिलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मंग?"

"मंग काय केलं असतंत दिवसभर?"

"तुज्याकडं बगत बसलो असतो," हे म्हणाले. "जवलचं अजून दिसतं."

मी काडी शिशात बुडवली. विस्तवाचा धूर नसतानाही डोळ्यांत पाणी आलं होतं, काडी दिसेना. पदराने डोळे पुसून पुन्हा बुडवली. पिवळी. थांबले. पुन्हा बुडवली. तपकिरी.

"साचा धरा," मी म्हटलं. ह्यांनी साचा मिटून विटेवर टेकवला आणि हात मागे घेतला. मी धार सोडली. थोडी बाहेर सांडली. जरा थांबून ह्यांनी साचा उघडून ठोकला. गोळी गोणपाटावर पडली. निवल्यावर ह्यांनी ती उचलली, बोटांत फिरवली, अंगठ्याने सगळीकडून चाचपली.

"म्हातारी?" मी विचारलं.

"पक्की म्हातारी."

"द्या हिकडं, टाकते परत पलीत."

"नको," असं म्हणून ह्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. "ही ऱ्हाऊ दे माज्याकडं. दुसरी ओत. काडी बग नीट."